टेपला दोष देण्याआधी

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

छंदांविषयीच्या लिखाणात स्केल मॉडेलचा, म्हणजे खऱ्या विमाना-वाहनांच्या प्रमाणबद्ध छोट्या प्रतिकृतींचा, विषय निघतो तेव्हा किटची जुळणी, सांध्यांतली फट बुजवणे, डिकल (चिन्हांची पातळ चित्रे) बसवणे यांवर भरपूर तपशील वाचायला मिळतो. मास्किंग, म्हणजे जिथे रंग लागायला नको तो भाग झाकणे, मात्र एका ओळीत उरकले जाते : टेप लावा, रंग मारा, रंग पूर्ण वाळला की टेप काढा. या ओळीचा पहिला भाग अर्धवट आहे आणि शेवटचा सरळ चुकीचा. आठवडेच्या आठवडे खपून जुळवलेले मॉडेल या ओळीपायी अर्ध्या तासात बिघडते आणि नवखा माणूस मग आणखी महागडी टेप शोधत फिरतो. हे साप सोडून भुई धोपटणे झाले. म्हणून हे लांबलेले पत्र.

टेप काढताना खालचा रंग पापुद्र्यासारखा निघून येतो, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. तो रंग टेपने उपटलेला नसतो, तो मुळात धरलेलाच नसतो. किटचे भाग साच्यातून सुटावेत म्हणून वापरलेल्या तेलकट द्रव्याचा अंश प्लॅस्टिकवर राहतो. रेझिनच्या भागांवर तर तो हाताला जाणवतो. त्यात जुळणी करताना बोटांचा घाम आणि तेल लागते. रंगकामाआधी कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ टूथब्रश घेऊन मॉडेल धुवावे, पूर्ण कोरडे करावे आणि त्यानंतर बोटांना कापडी किंवा नायट्राइलचे हातमोजे असावेत. मग प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला अस्तराचा थर. पाण्यातले ॲक्रिलिक प्रायमरशिवाय थेट प्लॅस्टिकवर मारले, तर ते वाळल्यावर फुग्याच्या रबरासारखे एकसंध होते आणि एका कोपऱ्यात उचलले गेले की पुढे सोलतच जाते. लॅकरचा (थिनरमधल्या, झटपट वाळणाऱ्या रंगाचा) प्रायमर प्लॅस्टिकच्या पृष्ठभागात किंचित मुरतो, म्हणून ज्या मॉडेलवर खूप मास्किंग करायचे आहे त्यावर तोच मारावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाळण्याचा काळही इथे आला पाहिजे. "कोरडा लागतो" आणि "टेप सोसतो" यांत मोठा फरक आहे. लॅकर दहा-वीस मिनिटांत कोरडा लागतो, तरी त्यावर टेप लावण्याआधी एक रात्र जाऊ द्यावी. पाण्यातल्या ॲक्रिलिकला किमान २४ तास, पॉलियुरेथेनच्या प्रायमरला ४८. इनॅमलला (सावकाश वाळणाऱ्या तेली रंगाला) दोन दिवस ही अगदी कमीत कमी मुदत आहे. हात जाड पडला असेल, तर आठवडाही लागतो. लॅकर आणि इनॅमलची एक सोपी परीक्षा आहे : मॉडेल नाकाजवळ धरावे. थिनरचा वास येत असेल, तर रंग अजून वाळतोच आहे.

आता टेपविषयी. मास्किंग टेपचा जन्मच या तक्रारीतून झालेला आहे. १९२० च्या दशकात दोन रंगांच्या मोटारी रंगवताना लावलेल्या चिकट पट्ट्या काढल्या, की ताजा रंग सोबत यायचा. ते पाहून थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी १९२५ मध्ये बेताच्या चिकटपणाची कागदी टेप तयार केली. म्हणजे या टेपचा गुण कमी चिकटण्यात आहे, जास्त चिकटण्यात नाही. घराच्या रंगकामात वापरतात ती सुरकुत्यांची पांढरट टेप मॉडेलला चालत नाही, कारण त्या सुरकुत्या म्हणजे कडेवरच्या बारीक बारीक नळ्याच असतात आणि रंग त्यांतून आत शिरतो. पारदर्शक सेलोटेपला सुरकुत्या नसतात, पण तिचा गोंद फार घट्ट चिकटतो. मॉडेलसाठी जपानी वाशी कागदाची पातळ पिवळी टेप सर्वांत भरवशाची. तामिया या जपानी कंपनीची ६, १०, १८ आणि ४० मिमी रुंदीत मिळते. ती अर्धपारदर्शक असते, सपाट बसते आणि खाली नीट दाबली गेली आहे की नाही हे रंगावरून कळते : दाबलेला भाग गडद दिसतो.

पण चांगल्या टेपचीही रोलवरची कड जशीच्या तशी वापरू नये. रोल टेबलावर पडून राहतो, त्याच्या कडेला धूळ आणि तंतू चिकटतात, कधी दातरे पडतात. टेप काचेच्या तुकड्यावर चिकटवावी, स्टीलची पट्टी घट्ट धरावी आणि नव्या ब्लेडने दोन्ही बाजूंनी अर्धा-एक मिलिमीटर काढून टाकावा. मिळणारी ताजी कड हीच रंगाची कोर ठरवते. काच यासाठी, की कटिंग मॅटच्या मऊ पृष्ठभागात टेप ब्लेडसोबत दबते आणि कड किंचित वळते. काचेवरून उचलताना चिकटपणाही थोडा उतरतो. ताज्या किंवा नाजूक रंगावर लावायची असेल, तर काचेवर दोन-तीनदा चिकटवून काढावी. बरेच जण तळहातावर चिकटवून काढतात, मला ते पटत नाही. हाताचे तेल टेपमार्गे रंगावर जाते आणि रंगाचा पुढचा हात तिथे डागाळतो.

टेप लावताना ती ताणू नये. सरळ रेषेसाठी एक टोक टेकवावे, दुसरे हवेत धरून रेषा नजरेने जुळवावी आणि मगच खाली सोडावी. गोलाईसाठी विनाइलची लवचीक टेप मिळते. तिला वळवता येते, पण ताणून वळवली की ती तासाभरात पुन्हा आखडते आणि टोकाकडून उचलली जाते. गोलाई जितकी आवळ, तितकी पट्टी अरुंद घ्यावी : २ मिमीची पट्टी जिथे सहज वळते, तिथे ५ मिमीची आतल्या बाजूने चुण्या पाडते. विनाइल नसेल, तर वाशी टेपच्या एक मिलिमीटरच्या पट्ट्या कापल्या तरी बऱ्यापैकी वळतात. नुसती कड या अरुंद पट्टीने आखावी आणि मागचा भाग रुंद टेपने किंवा कागदाने झाकावा. विमानाच्या नाकासारख्या दोन्ही दिशांनी गोल असलेल्या भागावर एक लांब पट्टी कधीच नीट बसत नाही. तिथे छोटे तुकडे कौलांसारखे एकमेकांवर चढवत जावे.

टेप बसली, की टूथपिकचे बोथट टोक किंवा लाकडी काडी घेऊन फक्त कड दाबत जावी. मधला भाग जोराने रगडण्याची गरज नाही, उलट काढताना त्रास होतो. पॅनेलच्या (विमानाच्या पत्र्यांच्या जोडांच्या) खाचा जिथे टेपला छेदतात, त्या जागा खास पाहाव्यात. टेप खाचेवरून पुलासारखी जाते आणि खालून बोगदा उरतो. केशाकर्षणाने पातळ रंग त्या बोगद्यात खेचला जातो आणि पांढऱ्या पट्ट्यावर काळ्या रंगाचा बारीक काटा उगवतो. टूथपिक अणकुचीदार करून टेप खाचेत उतरवावी. जिथे पायरीच आहे, उदाहरणार्थ पंख जिथे धडाला मिळतो तिथे, टेप कोपऱ्यात कापून दोन तुकड्यांत लावावी.

एवढे करूनही कुठेतरी सूक्ष्म फट राहतेच. तिच्यावर एक हमखास उपाय आहे आणि तो या पत्रातला सर्वांत उपयोगाचा मुद्दा आहे : टेप लावल्यावर कडेवरून आधी खालचाच रंग मारावा. खाली पांढरा असेल आणि वर काळा द्यायचा असेल, तर टेपच्या कडेवर प्रथम पांढऱ्याचा एक अगदी हलका हात. जे झिरपायचे ते पांढऱ्यावर पांढरे झिरपते आणि फटी बुजतात. दहा-पंधरा मिनिटांनी काळा मारावा. खालचा रंग पुन्हा जुळण्यासारखा नसेल, म्हणजे आधीच छटा चढवलेल्या असतील, तर पारदर्शक वॉर्निशचा हात द्यावा. फक्त तो जाड झाला, तर कडेला कंगोरा राहतो.

स्प्रे कसा मारला यावरही कोर अवलंबून असते. एअरब्रशचा (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनसारख्या साधनाचा) दाब १२ ते १५ पीएसआय, म्हणजे साधारण एक बार, पुरेसा. पहिले दोन हात इतके कोरडे असावेत, की रंग पृष्ठभागावर पोहोचताच मॅट दिसावा. ओला, चमकणारा हात पहिल्यांदाच मारला, तर तो कडेपाशी तुंबतो, काही टेपखाली जातो आणि उरलेला टेपला टेकून भिंत बांधतो. रोख नेहमी टेपवरून उघड्या भागाकडे किंवा सरळ वरून. उघड्या भागाकडून टेपकडे मारलेली हवा कड उचलते आणि तिच्याखाली रंग ढकलते. स्प्रे कॅनमध्ये दाब आणि रंगाची मात्रा आपल्या हातात नसते. तिथे २० ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवून झटपट फटकारे मारावेत आणि प्रत्येक फटकाऱ्याची सुरुवात व शेवट मॉडेलच्या बाहेर करावा.

आता टेप काढण्याविषयी. वरचा रंग टेप आणि पृष्ठभाग या दोन्हींवर एकच अखंड पापुद्रा म्हणून पसरलेला असतो. तो अर्धवट वाळलेला असताना कडेवर स्वच्छ तुटतो आणि तुटलेली कड किंचित खाली बसते. पूर्ण कडक झाल्यावर लॅकर काचेसारखा ढलप्या टाकत तुटतो. पाण्यातले ॲक्रिलिक तर तुटतच नाही, टेपसोबत लांबलचक सोलले जाते. म्हणून लॅकर असेल तर शेवटच्या हातानंतर दहा ते वीस मिनिटांत, पाण्यातले ॲक्रिलिक असेल तर अर्धा ते एक तासात आणि इनॅमल असेल तर काही तासांनी, बोटाला चिकटत नाही पण नखाने दबतो अशा अवस्थेत टेप काढावी. ही परीक्षा मॉडेलवर करू नये, टेपवर पडलेल्या रंगावर करावी. ओला असताना काढली तर रंग कडेवरून ओघळतो, तेव्हा घाईही नको.

काढताना टेपचे टोक चिमट्याने उचलावे, स्वतःवरच दुमडावे आणि पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, उलट दिशेने, सावकाश ओढावे. सरळ वर ओढले, की सगळा जोर एका रेषेवर येतो आणि रंग उचलला जातो. काही कारणाने उशीर झाला आणि रंग कडक झाला, तर नव्या ब्लेडचे टोक नुसत्या वजनाने कडेवरून एकदा फिरवावे आणि मग टेप काढावी. एकावर एक तीन-चार रंगांचे मास्किंग असेल, तर शेवटची टेप प्रथम, उलट्या क्रमाने. लावलेली टेप आठवडाभर तशीच ठेवणे टाळावे. उन्हाळ्यात गोंद मऊ होऊन रंगावर उतरतो. असा गोंद राहिलाच, तर आधी त्याच टेपचा ताजा तुकडा वर टेकवून उचलून पाहावा. नाही निघाला, तर लायटरच्या नॅफ्थाचा थेंब कापसाच्या काडीवर घेऊन हलके पुसावे. ॲक्रिलिक किंवा लॅकर असेल तरच. इनॅमलवर नॅफ्था लावू नये, आणि ॲक्रिलिकवर आयसोप्रोपिल अल्कोहोल तर मुळीच नको, ते रंगच विरघळवते.

वरच्या सगळ्याचा कस लागतो तो एका जागी. ६ जून १९४४ च्या नॉर्मंडी चढाईसाठी दोस्त राष्ट्रांच्या विमानांवर पाच पट्टे रंगवले होते, तीन पांढरे आणि मध्ये दोन काळे. एक इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंचांचा, दोन इंजिनांच्या विमानावर २४ इंचांचा. १/७२ प्रमाणात १८ इंच म्हणजे ६.३५ मिमी, बरोबर पाव इंच. १/४८ मध्ये ९.५ मिमीपेक्षा केसभर जास्त, म्हणजे तीन-अष्टमांश इंच. इथे अनेक जण ६ मिमीची तयार टेप लावून मोकळे होतात. एका पट्ट्याला फरक ०.३५ मिमीचा, पण पाचांचा मिळून पावणेदोन मिलिमीटर होतो आणि शेवटचा पट्टा पॅनेलच्या रेषेपासून सरकलेला उघड दिसतो. म्हणून पट्ट्या कापताना मिलिमीटरची पट्टी बाजूला ठेवून इंचांची घ्यावी.

पद्धत अशी : सगळी जागा प्रथम पांढरी करावी, कारण काळ्यावर पांढरा चढवायचा तर पाच-सहा हात लागतात आणि कंगोरा हमखास येतो. पांढरा वाळला, की (१/७२ साठी) पाव इंचाच्या पाच पट्ट्या एकमेकींना खेटून, मध्ये अंतर न ठेवता लावाव्यात. मग दुसरी आणि चौथी उचलावी. त्या दोन पट्ट्यांनीच अंतर मोजून दिलेले असते, पट्टी-पेन्सिल लागत नाही. दोन्ही बाहेरच्या कडांना रुंद टेप लावावी, पांढऱ्याचा हलका हात, मग काळा. शेवटी पाचही मिळून झालेला ३१.७५ मिमीचा पट्टा झाकून बाकीचे रंग. मात्र त्याआधी त्या विशिष्ट विमानाचे छायाचित्र पाहावे. हे पट्टे चढाईच्या तोंडावर, मोठ्या घाईत, कित्येक ठिकाणी ब्रशने मारलेले होते. छायाचित्रात कड वेडीवाकडी असेल, तर मॉडेलवर सुरीसारखी धारदार कोर खोटी दिसते.

कॅनपीसाठी, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणासाठी, नेमक्या आकारात कापलेली मास्क आता मिळतात. ती नसतील तर वाशी टेपचा तुकडा कॅनपीवर बसवून टूथपिकने चौकटीच्या उठावापाशी दाबत जावे. रेषा टेपमधून दिसू लागते. त्या रेषेवरून नवे टोकदार ब्लेड फिरवावे, पण कोपऱ्यातून मध्याकडे आणि मग दुसऱ्या कोपऱ्यातून मध्याकडे. एकाच दमात शेवटपर्यंत कापत गेले, तर ब्लेड कोपऱ्याच्या पुढे घसरते. दोन हलके छेद एका जोरकस छेदापेक्षा बरे, कारण पारदर्शक प्लॅस्टिकवर पडलेली चीर रंग धरते आणि जन्मभर दिसते. चौकटीचा उठाव फारच पुसट असेल, तर तिथे कापूच नये. एक मिलिमीटरच्या पट्ट्या आतल्या कडेने लावाव्यात, गोल कोपऱ्यांसाठी टेपच्या पंच केलेल्या छोट्या चकत्या ठेवाव्यात आणि मधली जागा मास्किंग द्रवाने भरावी. रंगांचा क्रम इथे उलटा वाटतो : आधी कॉकपिटच्या आतला रंग, त्यावर विमानाचा बाहेरचा. काचेतून पाहताना चौकटीची आतली बाजू मग योग्य रंगाची दिसते.

मास्किंग द्रव म्हणजे बहुधा अमोनिया घातलेल्या पाण्यातले रबराचे दूध. पातळ लावू नये. पातळ थर काढताना तुकडे तुकडे होतो, जाड थर एका ओढीत निघतो. ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवावा आणि काम होताच धुवावा, नाहीतर केसांत रबर जमून तो वाया जातो. सरळ कोर या द्रवाने मिळत नाही. त्याचा खरा उपयोग जागा भरायला आणि रंग उडाल्याच्या खुणा दाखवायला : खाली धातूचा रंग, त्यावर स्पंजच्या तुकड्याने द्रवाचे टिपके, वर मुख्य रंग आणि शेवटी टिपके चोळून काढणे. अमोनिया काही ॲक्रिलिकवर डाग पाडतो, तेव्हा आधी टाकाऊ तुकड्यावर बघावे.

मऊ कडेच्या छलावरणासाठी ब्लू टॅकचे (भिंतीवर कागद चिकटवायच्या, मळता येणाऱ्या चिकट गोळ्याचे) दोन-तीन मिलिमीटर जाडीचे वळकट करून सीमारेषेवर ठेवतात आणि एअरब्रश काटकोनात धरतात. तिरपा धरला, तर एका बाजूची कड पसरट आणि दुसरीची धारदार होते. सिलिकॉनची पुटीही चालते, पण ती हळूहळू पसरत जाते, म्हणून लावल्यावर लगेच रंगवावे. इथे एक हिशेब मात्र करून पाहावा. खऱ्या विमानावर दोन रंगांच्या मधला धूसर पट्टा एक इंचाचा असेल, तर १/७२ मध्ये तो ०.३५ मिमी आणि १/४८ मध्ये जेमतेम अर्धा मिलिमीटर होतो. १/७२ च्या मॉडेलांवर दिसणारे दोन-तीन मिलिमीटरचे धूसर पट्टे म्हणजे खऱ्या विमानावर सहा-आठ इंच झाले. वळकट बारीक करावे, किंवा कागदाचा कापलेला आकार टेपच्या छोट्या गुंडाळीवर अर्धा मिलिमीटर उचलून ठेवावा.

उरलेले मॉडेल झाकायला साधा कागद उत्तम. प्लॅस्टिकच्या पिशवीवर पडलेला रंग वाळून कपच्यांनी सुटतो आणि ताज्या रंगावर येऊन बसतो. चाकांचे कप्पे, हवेची तोंडे, कॉकपिट यांत स्पंजचे किंवा ओल्या टिश्यूचे बोळे बसवावेत.

आणि इतके सांभाळूनही बिघडलेच तर? कॅनपीवर आलेला रंग टूथपिकला ब्लेडने छिन्नीसारखे टोक करून खरवडावा. लाकूड प्लॅस्टिकवर ओरखडा पाडत नाही. कंगोरा राहिला असेल, तर रंग पूर्ण कडक झाल्यावर ३००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, कडेला समांतर न घासता आडवा फिरवावा. रंग उखडला असेल, तर खड्ड्याची कड १००० आणि मग २००० नंबरने उतरती करावी, नखाला पायरी लागेनाशी झाली की त्या जागी प्रायमर आणि मग रंग. झिरपलेल्या काट्यावर ब्रशने रंग लावण्याचा मोह होतो, पण ब्रशचा ठिपका उजेडात वेगळा चमकतो. तिथे दुसऱ्या बाजूने टेप लावून खालचाच रंग एअरब्रशने द्यावा, आणि तोही दुसऱ्या दिवशी. त्याच दिवशी लावलेली टेप आत्ताच मारलेला रंग घेऊन वर येते.

आपला,
एक मॉडेलकार वाचक